हौसाक्काची वेस

हौसाक्कानं मला फसवलं. हे मी कधी लपवलेलं नाही. पौडच्या एसटी स्टँडवर चहा पिताना सांगतो, कोळवणच्या जीपमध्ये शेजारी जो बसेल त्याला सांगतो, आणि आता तुम्हाला सांगतोय.

जुन्या सामानाच्या धंद्यात मी हातगाडी ढकलत आलो. आज पौडला माझं स्वतःचं गोडाऊन आहे. हिंजवडी-बाणेरकडची ऑफिसं हलतात, बंद पडतात, नव्यानं सजतात. त्यांची टेबलं, खुर्च्या, कपाटं, कॉम्प्युटर माझ्याकडे येतात. गिऱ्हाईक दारातून आत पाऊल टाकतं तेव्हाच त्याची नजर कशावर आहे हे मला कळतं. अशा मला माझ्याच गोडाऊनमध्ये साठी उलटलेल्या बाईनं पिठाच्या डब्याची थाप मारून गंडवलं.

ती आली होती लोखंडी कपाटाला. कपाटावरून आमची अशी जुंपली की तहसील कचेरीत निघालेली माणसं कामं सोडून बघत उभी राहिली. मी आवाज चढवला, तिनं त्याहून चढवला. शेवटी तिनं एक मोठा उसासा टाकला, माझा भाव कबूल केला आणि जाता जाता कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरच्या ढिगाकडे हनुवटीनं खूण केली.

"दत्तू, त्यातलं एक डबडं वर दे."

"कशाला गं आक्का?"

"पिठाच्या डब्याखाली ठिवायला. खालनं ओल येतीया."

मी हसलो. जिंकलेला माणूस हसतो तसा. "ने की. दोन ने."

"एकच बास. पर हे नगं, ते मागचं दे. त्याचं पाय सरळ हायेत."

इथं माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती. कॉम्प्युटरच्या डबड्याला पाय ते किती, आणि त्यात सरळ काय नि वाकडं काय! आणि ते मागचं म्हणजे त्या सगळ्या ढिगातलं सगळ्यात चांगलं मशीन होतं. पण मी कपाटाच्या विजयात होतो. मी स्वतः ते उचलून जीपमध्ये ठेवलं, वर ड्रायव्हरला सांगितलं, "सांभाळून ने रे, आक्काच्या पिठाचा प्रश्न आहे."

हौसाक्का कोण, ते सांगायला हवं. कोळवणच्या खोऱ्यात तिची भातखाचरं आहेत, डोंगराच्या पायथ्याला घर आहे. ती दोनदा सरपंच होती. सरपंचपद गेलं, पण पंचायत तिच्या अंगातून गेली नाही. आजही तिच्या घरात साधी चहात साखर कमी करायची असली तरी ती उभी राहते, पदर खोचते आणि म्हणते, "ठराव मांडते. सूचक मी, अनुमोदक मी. कुणाची हरकत? न्हाई. मंजूर." समोर मांजराशिवाय कुणी नसलं तरी ती हरकतीसाठी थांबते. तेवढी लोकशाही ती पाळते.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा विनायक सूसला मोठ्या सोसायटीत राहतो. कॉम्प्युटर कंपनीत आहे, बहुतेक काम घरूनच करतो. सणाला गाडी घेऊन येतो, जेवतो, इंद्रायणी तांदळाचं पोतं डिकीत टाकतो आणि दिवस मावळायच्या आत निघतो. निघताना एक वाक्य ठरलेलं. "आई, इथं नेट नाही गं. नेट असतं ना, तर आम्ही महिना-महिना येऊन राहिलो असतो."

अशी वाक्यं आपण सगळेच बोलतो. ऐकणारा मान हलवतो आणि सोडून देतो. आक्कानं ते सोडलं नाही. सरपंच असताना लोक तिच्याकडे यायचे, रस्ता नाही म्हणायचे, पाणी नाही म्हणायचे, आणि ती ते करून द्यायची. तिच्या लेखी हाही अर्जच होता. "गाऱ्हाणं नेटाचं हाय," ती मला पुढं म्हणाली, "नेट आलं की पोरगं येणार. इतकं सरळ काम. ह्याला कुठं मंत्रालयात जायचंय?"

मला या कशाचा पत्ता नव्हता. पावसाळ्यात एका फार्महाऊसवरचं जुनं फर्निचर बघायला मी त्या बाजूला गेलो होतो. भिजलो होतो म्हणून आक्काच्या पडवीत टेकलो. त्या खोऱ्यात फोनवर जेमतेम बोलण्यापुरती रेंज येते, नेट येत नाही हे माहीत असूनही सवयीनं फोन काढला, तर पडद्यावर वायफाय दिसलं. बोट लावलं. पडद्यावर साक्षात आक्का! हिरवं लुगडं, हात जोडलेले, निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सवरचा तोच फोटो. खाली लिहिलेलं: 'हौसाक्काच्या वेशीत आपले सहर्ष स्वागत. नाव? गाव? कोणाचे? कोणाकडे आलात?'

"आक्का, हे काय आहे?"

"भर की. त्याबिगर ती सोडत न्हाई."

"ती कोण?"

"वेस," आक्का म्हणाली. "चल, दावते."

तिनं मला कणगीच्या खोलीत नेलं. घरातली सगळ्यात कोरडी जागा. तिथं भाताच्या कणगीशेजारी चौरंगावर माझं डबडं बसलं होतं. पुसून लख्ख केलेलं. आतला पंखा एका लयीत घुमत होता, पाठीमागं हिरवे दिवे लुकलुकत होते, एका बाजूनं एक तार येत होती, दुसऱ्या बाजूनं दुसरी जात होती. शेजारी गाडीची मोठी बॅटरी. वीज गेली तरी ते चालू राहावं म्हणून.

मी जवळ जाऊन वाकलो. माझ्याकडे ते कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. मी त्याच्यावर डबा ठेवून जेवलो होतो. आणि इथं ते मालकासारखं बसलं होतं.

"ही तार भाईरनं येतीया," आक्का बोटानं दाखवत म्हणाली. "समदं जग हितनं येतं. ही दुसरी आपल्या घरात जाती. फोन, टीव्ही, समदं तितं. मधी ही वेस. कोण आला, कुटनं आला, कुणाकडं चाललाय, हे इचारल्याबिगर आत सोडत न्हाई. वाईट वंगाळ आलं तर भाईरच्या भाईर. आन् घरात ज्याला त्याला घर लंबर हिच देती. पंचायतीसारखं."

"गेटवे म्हणतात याला," मी म्हणालो. ऑफिसांचं सामान उचलता उचलता तेवढे शब्द कानावर पडलेले असतात.

"गेट म्हंजी वेसच न्हवं का? मी काय येगळं सांगतीया?"

त्याच डबड्यात तिनं सगळ्या वाडीचे सातबारे, दाखले आणि लग्नाचे फोटोही ठेवले होते. ज्याला लागेल त्यानं पडवीत बसून फोनवर घ्यायचे. त्याला ती 'दप्तर' म्हणायची. सर्व्हर हा शब्द तिला पसंत नव्हता. "सारखं कुणीतरी वाढपी हाय असं वाटतंय."

"पण शिकलीस कुठं?"

"तुझ्या दारात."

मला वाटलं टोमणा आहे. टोमणा नव्हता. पौडच्या स्टँडवर रेंज चांगली. ही बाई सकाळच्या गाडीनं यायची, बाकावर बसायची, फोनवर व्हिडिओ उतरवून घ्यायची आणि दुपारच्या गाडीनं परत. मी तिला कितीतरी वेळा तिथं पाहिलं होतं आणि एसटीची वाट बघतेय समजून "गाडी आली न्हाई व्हय अजून?" असं विचारून पुढं गेलो होतो.

"व्हिडिओ तर इंग्रजीत असतात."

"आवाज बंद करायचा," आक्का म्हणाली. "तोंडाकडं बघायचंच न्हाई. हाताकडं बघायचं. त्यो हितली तार तितं लावतोय, आपुन लावायची. पडद्यावर त्यो जे लिवतोय तेच बघून बघून लिवायचं. चुकलं की पुन्यांदा. भात लावायला मला कुणी भाषण करून शिकिवलं व्हतं?"

मी वाकून त्या तारा पुन्हा एकदा निरखल्या. 

चुका झाल्या नाहीत असं नाही. झाल्या, आणि आक्काच्या चुकाही तिच्याच मापाच्या. डोंगरावरच्या फार्महाऊसना नेट देणारा केबलवाला आहे, सुदाम. त्याची तार आक्काच्या बांधावरून जाते. "बांधावरनं तार न्यायची तर आदी मला जोडणी," या ठरावावर तिला जोडणी मिळाली. पण पहिल्यांदा मशीन लावताना तिच्याकडून तारांची तोंडं उलटी लागली. घरात जायची ती बाहेर, बाहेरची ती घरात. झालं असं की वेस आतल्या घराऐवजी बाहेरच्या सगळ्या तारेला घर नंबर वाटायला लागली. रविवारचा दिवस. पुण्याहून आलेली मंडळी आपापल्या फार्महाऊसमध्ये निवांत बसलेली, आणि एकेकाच्या पडद्यावर हात जोडून हौसाक्का हजर! नाव? गाव? कोणाचे? कोणाकडे आलात?

एका साहेबांनी 'गेस्ट' असं लिहिलं. वेशीनं सोडलं नाही. ते चिडून खाली आले.

"अहो बाई, मी स्वतःच्या घरात आहे. मला काय विचारताय कोणाकडे आलात?"

"मग तसं लिवा की. गेस्ट कशापायी लिवलं? कुणाचं गेस्ट?"

"पण तुम्ही विचारणाऱ्या कोण?"

"येवढी वर्सं झाली हितं येताय, नाव तरी सांगितलंय का कुणाला? आज वेशीनं इचारलं तर राग आला व्हय?"

त्यांच्या मागोमाग सुदाम धापा टाकत आला. "आक्का, पाया पडतो! माझं समदं गिऱ्हाईक तुमच्या पंचायतीत घुसलंय."

"मग गावठाण वाढलं म्हण की," आक्का म्हणाली. पण तार लगेच काढली. साहेबांना चहा दिला. ते पुढं आपणहून नाव सांगून जायला लागले, ही त्यातली मजा.

दुसरी चूक खंडेनवमीची. त्या दिवशी आपण कोयता, नांगर, गाडी, सगळ्याची पूजा करतो. आक्कानं वेशीची केली. हळद, कुंकू आणि झेंडूची भरगच्च माळ. वेस श्वास घेते त्याच भोकांवर माळ. एक पाकळी आत ओढली गेली, पंखा अडला, मशीन तापलं आणि बंद. आक्का माझ्याकडे डबडं मांडीवर घेऊन जीपनं आली. आजारी मूल दवाखान्यात आणतात तसं. मी झाकण उघडलं, चिमट्यानं जळकी पाकळी काढली.

"देवानं पूजा मान्य केली न्हाई का रं?" तिनं विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला ऐकला.

"पूजा मान्य आहे, माळ लांब ठेव."

मशीन सुरू झालं तेव्हा तिनं तिथंच, माझ्या गोडाऊनमध्ये उभं राहून ठराव मांडला: झेंडू वर्ज्य, लांबूनच नमस्कार. हरकतीसाठी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, मंजूर. माझ्या मालाची अशी काळजी घेणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. मी तिला तिथल्या तिथं एक चांगला पंखा बसवून दिला आणि त्यावर एक शब्दही घासाघीस केली नाही. हे मी धंद्यातल्या लोकांना सांगत नाही.

दिवाळी झाली, भात कापून झाला, आणि आक्काचा निरोप आला. "दत्तू, शुक्रवारी ये. विनू येतोय. कामाच्या दिशी येतोय, लॅपटॉप घेऊन. मीच म्हनलं, ये आन् बघ. मशीन तुझ्याकडचं हाय, तू असायला पायजेस."

मी गेलो. घर सारवून घेतलं होतं. पडवीत टेबल, टेबलावर धुतलेलं कापड, खुर्ची माझ्याकडचीच, मागच्या महिन्यात नेलेली. खुर्चीवरून आमची चांगलीच झाली होती, पण ती कशासाठी हे तिनं सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीत नवी गादी घातलेली, दोन उशा, नातवासाठी छोटी तिसरी. सून आणि नातू आले नव्हते, तरी. आक्का सकाळपासून एकदाही बसली नसावी.

विनायक चांगला माणूस आहे. मला वाकून नमस्कार करतो, दत्ताभाऊ म्हणतो. टेबलाशी बसला, लॅपटॉप उघडला आणि थबकला.

"आई, मला काहीच विचारलं नाही यानं. नाव, गाव, काहीच नाही."

"तुला काय इचारायचं?" आक्का म्हणाली. "घरचाच हायेस. तुला लंबर राखून ठिवलाय. एक माझा, दोन तुझा. दिवाळीला तू लॅपटॉप ठिवून अंघुळीला गेलतास, तवाच त्याच्या बुडाचा वळखीचा आकडा बघून घेतलाय मी."

त्याची मीटिंग सुरू झाली. पडद्यावर चौकटी चौकटीत माणसं. कुठली बेंगलोरची, कुठली परदेशातली. एकजण म्हणाला, आज विनायकचा आवाज फार स्पष्ट येतोय. मी आणि आक्का दाराआड उभे होतो. तिनं माझा दंड धरला होता. मी आयुष्यात पुष्कळ मोठे सौदे केलेत, पण ते ऐकताना माझ्या छातीत जसं धडधडलं तसं कुठल्याच सौद्यात धडधडलं नाही. डोंगराच्या पायथ्याची ही बाई, माझ्या भंगारातलं मशीन, आणि त्यातून तिचा मुलगा साऱ्या जगाशी बोलत होता.

मीटिंग संपली तसे आम्ही पडवीत आलो. त्यानं नेटचा वेग मोजला. पुन्हा मोजला.

"सूसपेक्षा चांगलं आहे," तो हळू म्हणाला.

मला राहवलं नाही. "मग काय विनायकराव! कधी येताय राहायला?"

तो हसला नाही. लॅपटॉपकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"येऊ की. म्हणजे, नेट तर काय, चांगलंच आहे..." त्यानं एक बोट टेबलावरच्या कापडावरून फिरवलं. "आई, खरं सांगू का? तसं नाही, पण खरं सांगायचं तर..."

"थांब," आक्का मधेच म्हणाली. "दूध उतू चाललंय."

चुलीवर दूध नव्हतं. त्या दिवशी घरात दूध नव्हतंच. आम्ही कोरा चहा प्यायलो होतो. म्हणून मी तिच्या मागं गेलो. ती स्वयंपाकघरात गेली नाही. कणगीच्या खोलीत गेली, चौरंगासमोर उभी राहिली, आणि बाहेरून येणारी तार धरून उपसली. हिरवा दिवा विझला. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नुसती मान हलवली. बोलू नकोस.

बाहेरून आवाज आला. "आई, नेट गेलं गं."

"गेलं का?" ती तिथूनच ओरडली. "जातंय बाबा असंच. डोंगरातलं नेट हाय. भरवसा न्हाई त्याचा."

"बघ! म्हणूनच मी म्हणत होतो," विनायक म्हणाला. आणि सकाळपासून पहिल्यांदा मोकळा हसला. अगदी लहान मुलासारखा. उठून आत आला, आईच्या खांद्यावर हात टाकला. "जाऊ दे गं, तू काय करणार. प्रयत्न तर केलास."

मग तो पोटभर जेवला. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. नातवाच्या गमती सांगितल्या. आक्का हसत होती, वाढत होती. दिवस मावळायच्या आत तो तांदळाचं पोतं घेऊन निघाला.

गाडी वळणाआड गेल्यावर मी भडकलो. "आक्का, चांगल्या मशीनची बदनामी केलीस! इतकं राबलीस ते कशासाठी? एवढ्या लांब पौडला येऊन बाकावर बसायचीस ते याच्यासाठी?"

 कणगीच्या खोलीत जाऊन तिनं तार परत बसवली. दिवा लागेपर्यंत वाट बघितली. लागला तेव्हा पदरानं मशीनवरची नसलेली धूळ पुसली.

"तो काय बोलणार व्हता, तुला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मला बी न्हाई," आक्का म्हणाली. "ऱ्हाऊ दे तसंच. नेट न्हाई म्हणतोय तवर येतोय तरी. ते एकदा बोलून बसला असता, तर पुढच्या टायमाला कोणत्या तोंडानं आला असता?"

मग तिनं आतल्या खोलीतली गादी गुंडाळली. मी धरू लागलो, तर म्हणाली, "सोड, हलकी हाय."

तेव्हापासून विनायकचा फोन येतो तेव्हा मी तिथं असलो तर ऐकतो. ती म्हणते, "न्हाई रं, आज बी गेलंय बघ. तुझंच बरुबर हाय, हितलं नेट लई खराब." हे ती म्हणते तेव्हा पडवीत वाडीची दहा माणसं बसून तेच नेट वापरत असतात. सगळ्यांना ऐकू येतं. कुणी काही बोलत नाही. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात गावापुढं चुकीचा आकडा मांडला नाही, ती मुलाला खोटं बोलायची जागा मिळावी म्हणून स्वतः खोटं बोलते.

मी बोलणार. आक्का रागावेल, रागावू दे. विनायकराव, हे कुठून तरी तुमच्यापर्यंत पोचेलच. त्या शुक्रवारी नेट गेलं नव्हतं. ते काढलं गेलं, तुमच्यासाठी, आणि कुणी काढलं ते तुम्हाला आता कळलं आहे. कोळवणला नेट आहे, वीज गेली तरी आहे, तुमच्या सूसपेक्षा चांगलं आहे. आमच्या मालाला तुम्ही खराब ठरवलंत आणि मोकळे होऊन पोतं घेऊन गेलात. याचं उत्तर मला पाहिजे. तोंडी उत्तर नको, ते तिनं तुम्हाला माफ करून टाकलंय. बायकोला घ्या, मुलाला घ्या, कपड्यांची बॅग भरा आणि दिवस मावळल्यावर कोळवणच्या त्या पडवीत मला दिसा. कधी येताय?